चिडचीड कोणाच्या नावे टाकायची?

पत्राचा सारांश : सोलापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावाहून पत्र आलंय. बाईंचं वय ४२, पतसंस्थेत हिशेबाचं काम, मुलगी दहावीत. फेब्रुवारीत मानसोपचारतज्ज्ञांनी डिप्रेशनचं निदान करून एस्सिटॅलोप्रॅम सुरू केली, आधी ५ आणि मग १० मिलिग्रॅम. पहिले १५ दिवस जीव नकोसा झाला. मे महिन्यापासून मात्र बरं वाटू लागलं. आषाढात त्यांना लहानाचं मोठं करणारी मावशी गेली, तेव्हा डोळ्यांत पाण्याचा टिपूस आला नाही. दिवस शांत जातो, पण संध्याकाळी घरी आल्यावर चिडचीड होते. गौरी-गणपतीला गावी जाताना, जावेला दिसू नयेत म्हणून त्यांनी गोळ्या घरीच ठेवल्या. तिसऱ्या दिवशी गरगरायला लागलं, मान वळवली की डोक्यात करंट बसल्यासारखं व्हायचं, आरतीला रडू आवरेना, आणि पुरणावरून जावेशी मोठं भांडण झालं. परत येऊन गोळी सुरू केल्यावर दोन दिवसांत सगळं निवळलं. नवरा म्हणतो, "सवय लागलीय तुला." सासूबाई म्हणतात, "गोळ्यांनी पोरगी बदलली." बाईंचा प्रश्न : न रडणारी मी खरी, की आरतीत रडणारी? गोळ्या बंद करू का?

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. पहिल्यांदा वाटलं, प्रश्न एकच आहे, बंद करू की नको. दुसऱ्यांदा वाचताना लक्षात आलं की तुम्ही चार वेगळ्या रकमा एकाच व्हाउचरवर लिहिल्यात. मावशीसाठी न आलेलं रडू, संध्याकाळची चिडचीड, गणपतीतले ते दिवस आणि फेब्रुवारीतला तो पंधरवडा. चारही गोळीच्या नावे टाकून मोकळ्या झालात. संस्थेत एखाद्या नवीन पोरानं असं केलं असतं तर तुम्ही व्हाउचर त्याच्याकडे परत भिरकावलं असतं.

रक्कम आलीय पण कशाची ते कळत नाही, तेव्हा तुम्ही ती सस्पेन्सला ठेवता. पुरावा मिळाला की योग्य खात्यावर वळती करता. मनाच्या बाबतीतही थोडे दिवस तेच करूया. मी समुपदेशक आहे, डॉक्टर नाही. तुमचा डोस ठरवणं हे माझं काम नाही. पण नोंदी सुट्या करायला मदत करू शकते.

सगळ्यात सोपी नोंद आधी घेऊ, गणपतीतली. एस्सिटॅलोप्रॅम शरीरातून निम्मी व्हायला साधारण ३० तास लागतात. म्हणजे तिसऱ्या दिवशी तुमच्या रक्तात नेहमीच्या पाव भागाहूनही कमी औषध उरलं असणार. सात महिने मेंदूनं त्या औषधाशी जुळवून घेतलेलं, आणि ते अचानक पायाखालून काढलं. गरगरणं, मान किंवा डोळे वळवले की करंट बसल्यासारखं होणं, मळमळ, विचित्र स्वप्नं, रडू कोसळणं, राग, ही सगळी अचानक गोळी तोडल्याची ओळखीची लक्षणं आहेत. आजार परत येतो तो असा येत नाही. तो आठवड्या-आठवड्यांनी, चोरपावलांनी येतो, त्यात डोक्यात करंट बसत नाही, आणि गोळी परत घेतली म्हणून दोन दिवसांत तो पळूनही जात नाही. तुमचं दोन दिवसांत निवळलं. ही रक्कम सस्पेन्सला ठेवायचीही गरज नाही, सरळ 'अचानक बंद' या खात्यावर टाका. आरतीत रडणारी बाई खरी की खोटी, हा प्रश्न त्या तीन दिवसांवरून सोडवू नका. तापात माणूस बडबडतो, त्यावरून आपण त्याचा स्वभाव ठरवत नाही.

तुमच्या यजमानांच्या 'सवयी'बद्दल. ते अर्धे बरोबर आहेत. शरीराला औषधाची सवय होते, म्हणूनच ते हळूहळू कमी करायचं असतं. पण दारू-तंबाखूची सवय लागते तशी ही सवय नाही. तलफ येत नाही, नशा येत नाही, उद्या एकाच्या दोन घ्याव्याशा वाटत नाहीत. दोन्ही गोष्टी एका वेळी खऱ्या आहेत आणि त्या यजमानांना तशाच सांगा. 'काही सवय-बिवय लागत नाही' असं ठोकून दिलंत तर पुढच्या वेळी ते तुमचं ऐकणार नाहीत, कारण गणपतीत त्यांनी डोळ्यांनी पाहिलंय.

त्याच प्रसंगातलं ते भांडण मात्र मी वेगळं काढून ठेवते. तुम्ही लिहिलंय की गेली चार वर्षं पुरण वाटायला तुम्ही एकट्या असता आणि जाऊबाई आरास झाल्यावर फोटो काढायला येतात. आवाज चढला तो गोळी तुटल्यामुळे चढला असेल. पण पुरणाचा हिशेब चार वर्षांचा आहे, गोळ्या तर फेब्रुवारीतल्या. आवाज चढवल्याबद्दल जावेची माफी मागा. पुरणाबद्दल मागू नका.

आता फेब्रुवारी. पहिले एक-दोन आठवडे घाबरल्यासारखं होणं, पोटात ढवळणं, झोप उडणं, एका जागी बसवेनासं होणं हे या जातीच्या गोळ्यांत बऱ्याच जणांना होतं. गुण यायला दोन ते चार आठवडे, पुरता यायला सहा-आठ आठवडेही लागतात. त्रास आधी, फायदा मागून. हे आधी सांगितलं तर माणूस तग धरतो. तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. मी स्वतः काही वर्षांपूर्वी अशी गोळी नऊ महिने घेतलीय. दुसऱ्या आठवड्यात चहा गाळताना हात इतका थरथरायचा की गाळणी कपाच्या काठावर कडकड वाजायची, आणि तो आवाज ऐकून शेजारच्या खोलीतून घरचे येतील म्हणून मी नळ सोडून ठेवायचे. तिसऱ्या आठवड्यात गाळणी गप्प झाली, कधी ते कळलंही नाही. तेव्हा तुमचा तो पंधरवडा गोळीच्या नावे बिनदिक्कत टाका. पण तो मिटलेला व्यवहार आहे, त्यावरून आजचा निर्णय घेऊ नका.

आणि त्याच पंधरवड्यातली एक गोष्ट अजून उघडी आहे. पत्राच्या अगदी शेवटी तुम्ही सहज लिहिलंय, "झोपेची अर्धी गोळी चालूच आहे, ती ओळखीच्या मेडिकलमधून मिळते." नाव लिहिलंय म्हणून बरं झालं : अल्प्राझोलाम. मला वाटतं, या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची ओळ हीच. ती गोळी सुरुवातीची धडधड निभावून न्यायला बहुतेक वेळा थोड्या दिवसांसाठी देतात. एस्सिटॅलोप्रॅमपेक्षा ती अगदी वेगळ्या घराण्यातली आहे. तिची मात्र खरोखर सवय लागते, आणि ती लवकर उतरते. रात्री घेतलेल्या गोळीचा असर दुसऱ्या दिवशी दुपारनंतर ओसरत आलेला असतो. रोज घेणाऱ्या माणसाला त्या उतारावर उगीच अस्वस्थता, तुसडेपणा येऊ शकतो. तुमची चिडचीड नेमकी संध्याकाळची आहे. जोडून बघा. मी म्हणते म्हणून तेच कारण असं नाही, पण डॉक्टरांना हे कळलंच पाहिजे. तुम्ही त्यांना सांगितलेलं नाही, बरोबर? अल्प्राझोलाम एच-१ यादीत आहे. दुकानदारानं ती चिठ्ठीशिवाय द्यायची नसते, आणि दिल्यावर डॉक्टरचं नाव, रुग्णाचं नाव, किती दिली हे वेगळ्या रजिस्टरात लिहून ते तीन वर्षं जपायचं असतं. तुमचं नाव त्या रजिस्टरात आहे का, हे एक हिशेबनीस म्हणून विचारून बघा. पण हे वाचून ती आज रात्रीपासून बंद करू नका. ती अचानक तोडली तर फिटसुद्धा येऊ शकते. तीही उतरवायची असते, डॉक्टरांच्या हातानं.

संध्याकाळच्या चिडचिडीला आणखी दोन-तीन दावेदार आहेत. ४२ वय आहे, पाळीच्या तारखा मागेपुढे होतायत असं तुम्ही लिहिलंय. चिडचीड पाळीच्या आधीच्या आठवड्यात वाढते का? थायरॉईड आणि बी-१२ तपासून किती दिवस झाले? आणि एक साधा मुद्दा : सहा वाजता घरी येऊन चहा, मुलीचा अभ्यास, सासूबाईंचं गरम पाणी, कणीक, हे सगळं तुमच्याकडेच का आहे? मुलगी तुम्हाला म्हणाली, "आई, आधी तू नुसती रडायचीस, आता भांडतेस." तुम्हाला ते लागलं. मला ते वाचून बरं वाटलं. डिप्रेशनमध्ये माणूस 'माझंच चुकलं' म्हणून सगळं गिळतो. अंगात थोडं बळ आलं की आधी राग येतो. तो गोळीचा साइड इफेक्ट म्हणून लिहायचा, की सुधारणा म्हणून?

एक शक्यता मात्र हलक्यात घेऊ नका, आणि हे सगळ्याच वाचकांसाठी आहे. चिडचिडीबरोबर झोप तीन-चार तासांवर आली आणि तरी थकवा नाही, डोक्यात विचारांची शर्यत, बोलणं भरभर, भलतीच खरेदी, मोठमोठे बेत, असं दिसलं तर पुढच्या तारखेची वाट न बघता डॉक्टरांना फोन करा. काही जणांचं डिप्रेशन हे बायपोलर आजाराची (मन कधी खोल उदास, कधी नको इतकं उधाणलेलं) एक बाजू असतं, आणि नुसत्या डिप्रेशनच्या गोळीनं ते माणूस दुसऱ्या टोकाला जाऊ शकतं. घराण्यात कुणाला असा आजार असेल तर तेही सांगा. 'चुलते जरा विक्षिप्त होते' एवढंही पुरतं.

आता मावशी. दहाव्याला बायका कुजबुजल्या, "हिला काही वाटलंच नाही," आणि तुम्ही त्यांचं खरं मानलंत. पण दोनच ओळींनंतर लिहिलंय की मावशीची चष्म्याची डबी तुम्ही ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये ठेवलीय आणि सकाळी कुलूप उघडलं की कॅशबुकाच्या आधी ती बघता. त्या बायकांनी तुमचा ड्रॉवर पाहिलेला नाही.

तरीही तुमची शंका खोटी नाही. या गोळ्यांनी काही जणांच्या भावना बोथट होतात. दुःख कमी होतं तसा आनंदही पुसट होतो, सिनेमात रडू येत नाही, लग्नघरात हसू येत नाही. हे डोसवर अवलंबून असू शकतं. आणि डिप्रेशनही माणसाला असंच सपाट करतं, म्हणून पुरावा बघायला हवा. मुलीनं नक्कल केली की हसू येतं का? आवडीच्या भाजीची चव लागते का? गाणं ऐकावंसं वाटतं का? यजमानांजवळ जावंसं वाटतं का? हा शेवटचा प्रश्न आपल्याकडे डॉक्टर फारसे विचारत नाहीत आणि बायका आपणहून सांगत नाहीत. इच्छा मंदावणं हा या गोळ्यांचा अगदी नेहमीचा परिणाम आहे. घरात दोघंही गप्प, आणि दोघंही आपापल्या मनात भलतं कारण लावून बसतात. सगळंच सपाट वाटत असेल तर डॉक्टर डोस कमी करू शकतात, औषध बदलू शकतात. 'घ्या नाहीतर बंद करा' एवढेच दोन पर्याय नसतात. फक्त रडू येत नसेल आणि बाकी चव-ढव परत आली असेल, तर ती नोंद सस्पेन्सला राहू द्या. वर्षश्राद्धापर्यंत राहिली तरी हरकत नाही.

सासूबाईंच्या वाक्यावर मी थोडी अडखळले. 'गोळ्यांनी बदलली', कोणत्या तारखेच्या आरंभीच्या शिलकेशी ताडून? जानेवारीतल्या तुमच्याशी, जी साडी धुवायची राहिली म्हणून न्हाणीघरात बसून रडत होती? की दहा वर्षांपूर्वीच्या सुनेशी, जी उलट बोलत नव्हती? तुम्ही गोळ्यांनी बदललात असं म्हणण्याआधी आजारानं तुम्ही किती बदलला होतात ते धरायला नको का? एकदा यजमानांना शांतपणे विचारा, "तुम्हाला जानेवारीतली मी परत हवी आहे का?" प्रश्न टोमणा म्हणून विचारू नका, खरंच विचारा.

'खरी मी कोणती' याचं उत्तर औषधशास्त्राकडेही तयार नाही. डिप्रेशनवरच्या औषधांचा उगमच अपघाती आहे. १९५२च्या सुमारास न्यूयॉर्कच्या सी व्ह्यू रुग्णालयात क्षयाच्या रुग्णांना इप्रोनियाझिड देत होते, तर खंगलेले रुग्ण वॉर्डात नाचायला लागले. क्षयाचं औषध मनाला लागू पडलं. पुढे 'मेंदूत सेरोटोनिन नावाचं रसायन कमी पडतं, गोळी ते भरून काढते' अशी सुटसुटीत गोष्ट सगळीकडे पसरली. ती इतकी सरळ असल्याचं सिद्ध झालेलं नाही. गोळ्या अनेकांना उपयोगी पडतात हे खरं, नेमक्या कशा याचं चित्र अजून अर्धं आहे. म्हणून 'ही तर रक्तदाबाच्या गोळीसारखीच' ही लाडकी तुलना मला अपुरी वाटते. रक्तदाबाला यंत्र आहे. दंडाला पट्टा बांधला की आकडा येतो. मनाला पट्टा नाही.

त्याऐवजी वही करा. तुमच्याइतकी चांगली वही कोण लिहील? रोज रात्री एक ओळ : झोप किती तास, गोळी किती वाजता, अल्प्राझोलाम घेतली का, पाळीचा दिवस, चिडचीड शून्य ते पाच, आणि चिडायच्या आधी काय घडलं ते चार शब्दांत. कारण लिहायचं नाही, फक्त घटना. कारणं महिन्यानं तेरीज काढताना बघू. "मंगळवार, ६ तास, सकाळी ९, अर्धी, पाळीच्या ३ दिवस आधी, ४, दार उघडताच दूध संपल्याचं कळलं." बस्स.

मग पुढच्या भेटीला ही वही न्या. तुम्ही लिहिलंय की सोलापूरला दोन तास बाकावर बसल्यावर डॉक्टर विचारतात "बरंय ना?" आणि तुम्ही "हो" म्हणून उठता. पुढच्या वेळी बसताच कागद टेबलावर ठेवा. त्यावर चारच ओळी : गणपतीत पाच दिवस गोळी घेतली नाही, असं असं झालं. अल्प्राझोलाम अजून चालू आहे. रडू येत नाही. कमी कधी करायची? कागद समोर असला की डॉक्टर वाचतात, हा माझा अनुभव आहे.

बंद कधी, याबद्दल ढोबळ रीत अशी की पहिल्याच खेपेचं डिप्रेशन असेल तर पूर्ण बरं वाटू लागल्यापासून निदान सहा ते नऊ महिने गोळी चालू ठेवतात. आधीही येऊन गेलेलं असेल तर आणखी बराच काळ. तुमची मोजणी मेपासून, फेब्रुवारीपासून नाही. म्हणजे नोव्हेंबर ते फेब्रुवारी. आणि पुढे काय आहे बघा : मुलीची दहावीची परीक्षा, मग ३१ मार्च. या दोन्हींच्या तोंडावर डोस उतरवायला घेऊ नये असं मला वाटतं. डॉक्टरांना एप्रिलनंतर चालेल का विचारा. उतरवताना शेवटच्या छोट्या पायऱ्या सगळ्यात सावकाश उतरायच्या असतात. दिवसाआड गोळी घेऊन 'कमी' करणं म्हणजे रोज छोटा गणपती. ते करू नका. एखादा डोस विसरला तर दुसऱ्या दिवशी दोन घेऊ नका.

तुमच्यासारखी पत्रं पाठवणाऱ्या इतरांसाठी तीन गोष्टी. घरात पंचविशीच्या आतलं कुणी ही गोळी नुकतीच सुरू करत असेल किंवा डोस बदलला असेल, तर पहिले काही आठवडे त्याला एकटं सोडू नका. या वयात सुरुवातीला आत्महत्येचे विचार वाढू शकतात. अमेरिकेच्या औषध नियामकांनी २००४ साली मुलांसाठी पाकिटावर तशी ठळक सूचना छापायला लावली आणि २००७ मध्ये ती २४ वर्षांपर्यंत वाढवली. वयस्कर आईवडील ही गोळी घेत असतील आणि अचानक गोंधळल्यासारखं वागू लागले, तोल जाऊ लागला, तर रक्तातलं सोडियम तपासून घ्या. आणि खोकला, गुडघेदुखी, दाढ, कशासाठीही दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलात तर ही गोळी चालू असल्याचं सांगा. ट्रॅमाडॉलसारखं वेदनाशामक, काही खोकल्याची औषधं तिच्याबरोबर जमत नाहीत. मनात स्वतःला संपवण्याचा विचार आला तर कोणत्याही तासाला टेलि-मानसच्या १४४१६ वर फोन करा. फुकट आहे, मराठीत बोलता येतं.

जावेला सांगायचं की नाही हे तुमच्यावर. न सांगण्यात काही गैर नाही. कुणी पाहिलंच तर "रोजची गोळी आहे" एवढं उत्तर पुरे, स्ट्रिपवरचं नाव वाचायला फारसं कुणी थांबत नाही. दिवाळीला गावी जाताना मात्र गोळ्यांची स्ट्रिप आधी पर्समध्ये टाका, फराळाचे डबे मग भरा.